घरची तालीम आणि वजनाचा काटा

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोच्या गटात. दहा वर्षांनी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले ते ९७ किलोंच्या वरच्या गटात. गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, तर पुनवतचे आंदळकर कोल्हापूरच्याच मोतीबाग तालमीचे पैलवान. दोघेही जोर-बैठकांच्या परंपरेत घडलेले, तरी दोघांच्या गटांत चाळीस किलोंचे अंतर. उंची आणि हाडापेराचा फरक होता, हे खरेच. पण जड गटातला पैलवान जड राहतो त्यामागे त्याचा खुराकही असतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हे सगळे ठरवून पोटात जाते. सामान्य माणूस आठवड्यात करणार नाही इतकी मेहनत तो एका दिवसात करतो आणि तरीही त्याचे वजन उतरत नाही, कारण ते उतरू द्यायचेच नसते. पुढे मेहनत थांबली आणि खाण्याची सवय तशीच राहिली की त्याच पैलवानाचे अंग सुटते, हेही कोल्हापूरने पुष्कळदा पाहिले आहे. वजन कमी करण्यासाठी घरी व्यायाम सुरू करू पाहणाऱ्याला या शहराकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे. काटा किती खाली येईल हे मुख्यतः ताटात ठरते. व्यायामाचे काम दुसरे आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही.

हिशेब करून पाहू. सत्तर किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर सुमारे १५० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या पस्तीसेक त्याने खुर्चीत बसूनही खर्च केल्या असत्या, म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई ११५ च्या आसपास. १५ ग्रॅम तेलात, म्हणजे एका मोठ्या चमच्यात, १३५ किलोकॅलरी असतात. मिसळीच्या कटावरचा तवंग किंवा फोडणीत हात सैल सोडून ओतलेली एक धार ही अर्ध्या तासाची कमाई सहज परत घेते. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. खाणे कणभरही न वाढवता रोज अर्धा तास चालले, तर कागदावरच्या हिशेबाने एक किलो उतरायला सदुसष्ट दिवस लागतात. प्रत्यक्षात भूक वाढते आणि व्यायाम झाल्याच्या समाधानात दिवसभराची बाकीची हालचाल कमी होते. टांझानियातल्या हाडझा या शिकारी जमातीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर रानात वावरणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेतले तर, शहरी पाश्चात्त्य माणसाइतकाच भरला. शरीर आपला खर्च बऱ्याच अंशी बांधून ठेवते. म्हणून 'रोज वीस मिनिटांत महिन्याला दहा किलो' अशी जाहिरात कोणी केली तर तिच्यावर पैसे घालवू नयेत. घरात महिन्याला माणशी किती तेल लागते हे मोजायला एक पैसाही पडत नाही, आणि त्यातून वजनाबद्दल जास्त कळते.

मग व्यायाम करायचाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारेल. याचे एक चांगले उत्तर पुण्यातून आले आहे. केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोड-फोटो २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे असू शकतात. भारतीय माणसाच्या अंगावर स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, हे त्यातले दुखणे आहे. आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि कमरेची रेषा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरवर ओढली जाते ती यामुळेच. अशा शरीराने नुसते खाणे कमी केले, तर उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीऐवजी स्नायूंसारख्या ऊतींचा जातो. म्हणजे मुळात तोकडे असलेले भांडवलच खर्ची पडते. जोर लावायचा व्यायाम हा तोटा रोखतो. चेन्नईतल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा तीन वर्षे पाठपुरावा झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के राहिले, आणि या गटाचे सरासरी वजन जवळजवळ होते तिथेच होते. काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हा निष्कर्ष ठाऊक असायला हवा.

आता खर्चाकडे येऊ. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांत तालमी नांदल्या. पैलवानकी महाग पडायची ती खुराकामुळे. मेहनत स्वस्तच होती. लाल माती, एक दोर, लाकडी मुद्गल, आणि बाकी सगळे स्वतःच्याच अंगाचे वजन. वजन उतरवू पाहणाऱ्याला यातला महाग भाग नकोच आहे, आणि स्वस्त भाग त्याच्या घरात जसाच्या तसा येऊ शकतो. याच भागातले आणखी एक उदाहरण औंधचे. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी आधी युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची साधने आणि पुस्तके मागवून वर्षानुवर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली विलायतेतही वाचले गेले. वाटेल ती साधने विकत घेण्याची ऐपत असलेला माणूस शेवटी सतरंजीएवढ्या जागेत मावणाऱ्या व्यायामावर स्थिरावला, हे मला फार बोलके वाटते.

मात्र तालमीतून घरी काय आणायचे याबाबत एक चूक सर्रास होते. माणसे व्यायामाचे प्रकार उचलतात आणि त्यांचा क्रम मागे ठेवून येतात. तालीम चालते ती वस्तादामुळे. नव्या पोराने पहिल्या दिवशी किती जोर काढायचे, कधी वाढवायचे, कोणत्या दिवशी हात राखायचा, कोणाची पाठ वाकडी होते आहे, हे सगळे वस्ताद ठरवतो. घरी हा माणूस नसतो. मग एक तारखेला उत्साहात शंभर बैठका होतात, दोन तारखेला जिना उतरवत नाही आणि पाच तारखेला सगळे बंद. हा प्रश्न केवळ चिकाटीचा नाही. सवय नसलेल्या माणसाने एका दमात शेकडो बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. स्नायू सुजून कमालीचे दुखणे आणि लघवीचा रंग काळपट होणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि तेव्हा तडक दवाखाना गाठावा लागतो. म्हणून घरच्या व्यायामात खरी उणीव असते ती वस्तादाची, यंत्राची नव्हे. ही उणीव बऱ्यापैकी भरून काढता येते, आणि तिला फारसा खर्च नाही. एक वही, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी आणि अंथरायला सतरंजी एवढ्यावर काम भागते.

क्रम म्हणजे काय, हे जोरांवरूनच पाहा. बरेच दिवस बसून काढलेल्या माणसाला जमिनीवरचे जोर झेपत नाहीत, आणि तिथेच तो 'आपल्याला जमत नाही' असे ठरवून टाकतो. त्याने भिंतीपासून हातभर मागे उभे राहून, भिंतीला तळवे लावून जोर काढावेत. आठ-दहा सहज निघू लागले की स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला हात टेकावेत, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. हात जितके खाली, तितके अंगाचे जास्त वजन उचलावे लागते. लोखंडी वजने बदलण्याचे काम इथे उंची करते. बैठकांचेही तसेच. आधी पक्क्या खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठणे, मग खुर्चीला नुसता स्पर्श करून उठणे, मग खुर्ची बाजूला सारून अर्धी बैठक. जोर-बैठकांत एक उणीव आहे: त्यांत ढकलणे आणि उठणे आहे, ओढणे नाही. तालमीत ती कसर दोरावर चढून आणि आखाड्याची माती खणून भरून निघते. घरी पाच किलो तांदूळ भरलेली पिशवी घ्यावी, एक हात खुर्चीवर टेकून वाकावे, पाठ सरळ ठेवून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढावी. पाण्याने भरलेले दोन डबे दोन हातांत धरून खोलीत फेऱ्या मारणे हा पकड, खांदे आणि पोट या तिन्हींचा उत्तम व्यायाम आहे. मुद्गल मात्र शिकवणाऱ्याशिवाय फिरवू नये. खोलीत तर नाहीच, वर पंखा असतो. एवढे आठवड्यातून तीन दिवस करावे, प्रत्येक प्रकार आणखी दोन-तीन निघाले असते अशा बेताला थांबवावा, आणि आकडा वहीत लिहावा. पुढच्या आठवड्यात त्यात एक किंवा दोन मिळवावेत. उरलेल्या दिवशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आणि दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचे माप, चालण्याची मिनिटे मोजली तर, यातून पुरे करता येते.

पोट कमी करण्याचा वेगळा व्यायाम यात का नाही, असे विचारले जाईलच. तसा व्यायाम अस्तित्वात नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांपैकी काहींकडून सहा आठवडे पोटाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी मात्र कमी झाली नाही. चरबी कुठून आधी उतरावी हे शरीर ठरवते.

बैठकांनी गुडघे जातात, हा आक्षेप आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. चवड्यांवर तोल धरून, पूर्ण खाली जाऊन, वेगाने शेकड्यांनी मारायच्या बैठका विशीतल्या पैलवानासाठी आहेत. पंचेचाळिशीतल्या जड माणसाने त्यांपासून सुरुवात करूच नये. पण यावरून गुडघ्याला विश्रांतीच द्यावी असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू वाटून घेतात आणि ते दुबळे झाले की सांध्यावर जास्त पडतो. गुडघ्याच्या संधिवातात मांडी बळकट करणारे व्यायाम हा मान्य उपचार आहे. खुर्चीवरून उठणे हा त्याच जातीचा व्यायाम. कळ न येणाऱ्या उंचीवर थांबावे, ती उंची वहीत नोंदवावी आणि हळूहळू खाली जावे.

दुसरा आक्षेप स्त्रियांकडून येतो आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. दिवसभर घरकामच इतके होते की वेगळ्या व्यायामाला वेळ नाही आणि गरजही नाही, असे त्यांचे म्हणणे असते. वेळेची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पहाटेचे पाणी, डबे, नोकरी, संध्याकाळचा स्वयंपाक यांतून सलग तास काढा म्हणणे हा सल्ला नव्हे, निष्काळजीपणा आहे. पण सलग तास लागतच नाही. व्यायामाचा तुकडा निदान दहा मिनिटांचा हवा ही जुनी अट २०२० च्या शिफारशींतून काढून टाकली गेली आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला टेकून काढलेले जोर पूर्णपणे जमेस धरले जातात. गरजेबाबत मात्र मी सहमत नाही. उकिडवे बसून भांडी घासणे, जात्यावर दळणे, हंडे वाहणे यांतून आज्यांना स्नायूंची मेहनत मिळत होती. उभा ओटा, मिक्सर आणि नळ आले आणि कष्टांतला जोर गेला. थकवा तेवढा राहिला. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या २०२४ च्या अभ्यासानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांची हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी आहे. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. या तफावतीमागे आळस नाही. मैदान, तालीम, रंकाळा तलावावरची पहाटेची फेरी हे सगळे पुरुषांना आधी आणि सहज मिळाले. घरच्या व्यायामाला लोकांच्या नजरेचा त्रास नाही, वेगळे कपडे लागत नाहीत आणि पावसाळ्यात, पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर येते त्या दिवसांतही, तो बंद पडत नाही. मात्र ती दहा-पंधरा मिनिटे हक्काची मिळायची असतील तर घरातल्या इतरांनी तेवढ्या वेळापुरते गॅसपाशी उभे राहायला हवे.

तिसरा आक्षेप शिस्तीचा: पैसे भरल्याशिवाय माणूस व्यायाम करत नाही. अमेरिकेतल्या जिमच्या साडेसात हजारांवर सदस्यांची हजेरी तपासणारा अर्थशास्त्राचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरांहून अधिक भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच गेले; प्रत्येक वेळचे सुटे पैसे भरले असते तर त्यांना कमी खर्च आला असता. पैसे भरल्याने सदस्यत्व टिकले, व्यायाम नाही. कॅलिफोर्नियात पन्नाशी ओलांडलेल्या साडेतीनशेवर लोकांच्या १९९१ सालच्या अभ्यासात, वर्गाला जाणाऱ्यांपेक्षा घरी व्यायाम करणाऱ्यांनी तो वर्षभर अधिक नियमित केला. घरी करणाऱ्यांना अधूनमधून फोनवर मार्गदर्शन होते. हालचाल मोजणाऱ्या, अंगावर बांधायच्या उपकरणांचेही पाहा: २०१६ च्या एका चाचणीत ४७१ तरुणांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दिले गेले. उपकरण वापरणाऱ्या गटाचे दोन वर्षांत ३.५ किलो उतरले, उपकरणाविना गटाचे ५.९ किलो. दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९९ च्या अमेरिकी अभ्यासात दिवसातून थोडा-थोडा व्यायाम करणाऱ्या ज्या स्त्रियांच्या घरी ट्रेडमिल दिली गेली, त्यांचा व्यायाम दीड वर्षानंतर अधिक टिकला. माझ्या मते यातून यंत्राची थोरवी सिद्ध होत नाही. डोळ्यांसमोर, चार पावलांवर, कोणत्याही वेळी करता येणारा व्यायाम टिकतो एवढेच ठरते. भिंत आणि खुर्चीही तितक्याच जवळ आहेत. सवय पक्की व्हायला लागणारा काळ माणसागणिक फार वेगळा असतो. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत आढळला, मधला आकडा ६६, आणि एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे बिघडत नव्हते. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, एवढे पुरे.

मोजायची ती कंबर, रोज नव्हे तर पंधरवड्याने, सकाळी, बेंबीच्या पातळीवर. वजन आठवड्यातून एकदा. ताटात तेल मोजून, भाकरी-भात नेहमीपेक्षा थोडा कमी, आणि मटकी-हरभऱ्याची उसळ, अंडी, ताक भरपूर. मटण खायचे त्या दिवशी फोडी घ्याव्यात, तवंग बाजूला काढावा. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर उत्तम चालले आहे. छातीत दुखणे, चालताना धाप, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण किंवा इन्सुलिन व साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारावे. व्यायामाने साखर अचानक खाली जाऊ शकते.

कोल्हापूरच्या तालीम मंडळांना मात्र एक विनंती. तुमच्याकडे आखाडा आहे, गणेशोत्सव आणि फुटबॉलसाठी पेठेतल्या घराघरांशी नाते आहे, आणि कोणाला किती झेपेल हे एका नजरेत ओळखणारे वस्ताद आहेत. महिन्यातून एका रविवारी, दोन तास, पेठेतल्या चाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांना बोलवा. भिंतीवरचे जोर आणि खुर्चीवरची बैठक नीट करून घ्या, कंबर मोजून वहीत लिहून द्या आणि पुढच्या महिन्याचा आकडा सांगून घरी पाठवा. बाकीचे एकोणतीस दिवस त्यांचे ते पाहतील.